आरजूने रंगवलेली ममता

घाटंजीच्या बाजारात आरजूला सगळे पेंटरबाई म्हणत, आणि त्यातलं ‘बाई’ म्हणताना बरेच जण हसत. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मुलगा म्हणून वाढवलेलं लेकरू साडी नेसून दारात उभं राहिलं, तेव्हा त्याने हातातला पानाही खाली ठेवला नाही. “परत येऊ नको,” एवढंच म्हणाला. आरजू परत गेली नाही. ब्रशवर जगली.

ते दिवस कपाशीच्या नव्या बियाण्यांचे होते. गावोगावच्या भिंतींवर कंपन्यांच्या जाहिराती रंगवल्या जात. आरजू शिडीवर चढून टपोरी पांढरी बोंडं काढायची आणि खाली शिडी धरून ममता उभी असायची. ममता जवळच्याच खेड्यातल्या बौद्ध घरातली. घरच्यांनी ठेवलेलं नाव धम्मरत्न. तिचंही घर तुटलं होतं. दोघी एका खोलीत राहायच्या. ममताला सरळ रेघ ओढता येत नव्हती, पण रंग कालवावा तर तिनेच.

“आपा, तुह्ये बोंडं लय गोरे झाले,” ती खालून ओरडायची. “मातीतलं पीक हाये ना थे. जरासं मयकं कर.”

आरजू चिडायची आणि मग तिचंच ऐकायची.

एका गावात त्याच बियाण्याचं पीक हातचं गेलेल्या बाईने आपल्या भिंतीवरचं बोंड शेणामातीने लिंपायला घेतलं. आरजू बघत राहिली. ममता मात्र पदर खोचून त्या बाईसोबत भिंत लिंपू लागली.

पुढच्या पावसाळ्यात ममताला कावीळ झाली. यवतमाळच्या दवाखान्यात नातेवाईक कोण विचारलं, की आरजू सांगायची, “मीच बहीण.” कावीळ उतरली नाही. ममता गेल्यावर तिचा भाऊ संघदीप आला आणि देह गावी घेऊन गेला. आरजू मागोमाग गेली, पण तिला स्मशानाच्या अलीकडेच थांबवलं. तिने लांबूनच पाहिलं. ममताचे केस कापले होते. अंगात शर्ट-पँट होती.

ममताचा एकही फोटो नव्हता. आरजूने पत्र्याच्या पाटीवर तिला रंगवायला घेतलं. अक्षरं आणि बोंडं काढलेला हात; चेहरा काही जमेना. किती वेळा पुसलं. शेवटी ममता उतरली: जांभळी साडी, मान वर, काहीतरी चूक काढायच्या बेतात.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आरजू ती पाटी घेऊन गेली. मांडवात धम्मरत्नचा शाळेतला फोटो मांडला होता, पुढे पांढरी फुलं. संघदीप आडवा आला.

“हे इथं नाई चालत.”

“एकदा मायले दाखवते, अन् जाते.”

“नाई म्हणलं ना.”

आरजूने पाटी पदराआड घेतली आणि बसस्टँडची वाट धरली. कुणी मागून हाक मारली नाही.

पुढे एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. ममताची आई, रुखमाबाई.

“तूच का आरजू? मांडवात आणली होती थे पाटी मले पाहू दे.”

पाटीसमोर ती कितीतरी वेळ बसली. मग म्हणाली, “लहानपणीबी अशीच मान वर करून भांडे माह्यासंग.” थांबून तिने विचारलं, “हासत होता का तुह्याजवळ?” आणि स्वतःच सुधारलं, “हासत होती का?”

“लय हासे, माय.”

“मले घरी नेता येत नाई. संघदीप फेकून देईन. इथंच राहू दे.”

त्यानंतर काही बाजारांना ती आली. मग तिचं येणं थांबलं. निरोप पाठवायचा तरी कुणाच्या हाती? आरजूला त्या गावात ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. छापील बॅनर आले तशी भिंतींची कामंही गेली. दुकानांच्या शटरवर नावं घालत ती दिवस काढू लागली.

एके दुपारी यवतमाळहून बिजलीबाई आली. आरजूसारखीच, पण वयाने पार थकलेली. तिने ममताची पाटी पाहिली आणि समोर मांडी घालून बसली.

“माहं बी काढ. मेल्यावर मलेबी पँट घालतीन थे लोक.”

आरजूने काढलं. ऊन कललं तेव्हा चित्र पुरं झालं. बिजलीबाईने ते जवळून पाहिलं, डोळे पुसले, पण सोबत नेलं नाही.

“तुह्याजवळच ठेव,” ती म्हणाली. “माह्या घरी पाहणारं कोण हाये?”

आणि तिने शेवटची बस पकडली.