शंभर टक्के बाभूळ

माझ्या साळ्यानं नागपूरच्या त्याच्या हॉटेलातलं पेलेट ग्रिल मला देऊन टाकलं, आणि पुढचे तीन आठवडे घरात मी दुसरा विषय निघू दिला नाही. त्याच्या गिऱ्हाइकांना ते रुचलं नव्हतं आणि त्याला जागा मोकळी हवी होती. जाळी बसवलेली एक लोखंडी पेटी, बाजूला झाकणाचा डबा. डब्यात दाबलेल्या लाकडी भुशाच्या, खडूच्या तुकड्याएवढ्या गोळ्या भरायच्या. आतला स्क्रू त्या हळूहळू पुढं ढकलतो, पंखा वारा घालतो आणि गोळ्या जळत राहतात. फुंकर नाही, लाकूड सारणं नाही. लाकडाच्या धुराची चव बटण दाबून मिळते म्हटल्यावर मी तर पागलच झालो.

मी भाजीपालावाला माणूस. आसेगावच्या बाजूला दीड एकर बागायत, त्यात भरताची वांगी, आणि माल शेलूबाजारला. त्यामुळे ग्रिल पाहताच मला भरीत आठवलं, आणि भरीत आठवलं की माझी माय.

माय नाकानं स्वयंपाक करायची. अंगणात बसून सांगायची की वरण आता खाली लागणार, आणि आत जाऊन पाहावं तर खरंच लागायच्या बेतात असायचं. काही हिवाळ्यांपूर्वी एका तापात तिला वास येईनासा झाला. महिनाभरात येईल म्हणून आम्ही थांबलो, तो आला नाही. मग एक दिवस दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि माय त्याच्या शेजारीच मेथी निवडत बसून राहिली. माझी बायको वावरातून आली, तिला दारातच गॅसचा वास आला म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मायनं माचीस बायकोच्या हातावर ठेवली, ती काही परत घेतली नाही. तेव्हापासून वाढलं ते खायची आणि ‘चांगलं झालं’ म्हणायची. त्या ‘चांगलं झालं’चा मला फार राग यायचा. वाशिमच्या डॉक्टरांनी रोज वेगवेगळे वास घ्यायला सांगितलं होतं, कधी येतो म्हणाले, कधी येत नाही. लवंग झाली, कापूर झाला, विक्स झालं. धूर तेवढा राहिला होता. खरं सांगायचं तर ग्रिलच्या मागे मी लागलो ते यासाठी.

पहिल्या दिवशी नागपूरहून आलेल्या आंब्याच्या गोळ्या लावल्या. वांगी भाजली, पण इतक्या सभ्यपणे भाजली की साल जागचं हललं नाही. मी ताट घेऊन मायच्या बाजेपाशी गेलो आणि वास येतो का विचारलं. चांगलं झालं, ती म्हणाली.

मग मी तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, गोळ्या मिळवल्या. आपल्या मातीतली चीज आहे, हीच चालणार, असं मी दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं. पोतं गोठ्याजवळ ठेवलं, तर म्हशीला ती ढेपच वाटली. तिनं तोंड घातलं, फुर्रर्र केलं आणि मान फिरवली.

“ढोराले बी चालत नाही, अन् तुमी आमाले खाऊ घालता,” बायको म्हणाली.

त्या गोळ्यांची राखच इतकी झाली की स्क्रू अडकला. तो काढून साफ करण्यात माझी दुपार गेली, पण उत्साह काही गेला नाही. शेलूबाजारला लाकूड चिरणाऱ्या आरामशीनवाल्या एकानं नुकतंच गोळ्यांचं यंत्र टाकलं होतं. वांगी उतरवून मी थेट त्याच्याकडे गेलो. शंभर टक्के बाभूळ, त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. बाभळीचा निखारा म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. जीपमध्ये पोतं मांडीवर घेऊन आलो.

त्या दिवशी मी शेजारच्या काकांनाही बोलावलं. आठ वांगी जाळीवर मांडली. पंखा घुमला, धूर निघाला, साल तडतडू लागलं. काका म्हणाले की वा, काय घमघमाट आहे. मी फुगलो. वारा बाजेकडे वळला. माय तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

“कडूलिंब जळून राह्यला,” ती म्हणाली.

आणि मी काय करावं? मी भांडलो. माझा स्वभावच तसा.

“माय, बाभूळ हाये. शंभर टक्के.”

“लिंब हाये. काढ ते वांगे, सारे कडू होतीन.”

मी पोतं उचलून तिला दाखवायलाच निघालो होतो. तेवढ्यात बायकोकडे लक्ष गेलं. ती हातातलं ताट खाली ठेवून मायकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पोतं तिथंच सोडलं आणि एक वांगं फोडून चाखलं. कडू, अगदी कडूजहर. काकांनीही एक घास घेतला, मग ते हळूच कुंपणाकडे गेले आणि थुंकून आले. त्या आरामशीनवाल्याचे पाय धरावेत असं मला वाटलं. इतका आनंद मला चांगल्या भरतानंही कधी दिला नव्हता.

मी धावत जाऊन कोथिंबीर आणली, कांदा चिरून मायच्या नाकापाशी धरला. नाही, काहीच नाही. गोळ्या विझल्या तसा लिंबाचा वासही गेला, असं तीच म्हणाली. हे मी लपवत नाही. तिला आला तो तेवढाच, एका कडू धुराचा.

पण माय बाजेवरून उठली होती. आठही वांगी तिनं म्हशीपुढं टाकायला लावली, म्हशीनं ती आनंदानं खाल्ली. मला नवीन वांगी तोडायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटा मांडलेल्या होत्या आणि ती ढिगातून तुराट्या ओढून मोडत होती. ग्रिलचा पंखा अजून फिरतच होता, तो मी बंद केला. तुराट्या रचून झाल्यावर मायनं मान वर न करता बायकोपुढं हात केला.

“माचीस दे मले.”