लेबल नसलेला डबा

मी अकोल्याला आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, आणि अडाणी माणूस मला लांबून ओळखू येतो. आमच्याकडे पिन भोकात बसली की कनेक्शन जमलं. माइकच्या भोकात मिक्सरची वायर खुपसतात आणि मांडवभर खरखर सुरू झाली की वरून मलाच विचारतात, "काहून असं होऊन राहिलं सर?" अरे बाप्पा, माइकमधून येतं ते चिमूटभर, व्होल्टचा जेमतेम हजारावा हिस्सा. ते शेकडो पट वाढवावं लागतं. मिक्सरमधून निघतं त्याला लाइन म्हणतात, ती आधीच वाढवलेली असते. ती पुन्हा माइकच्या भोकात घातली की आवाजाचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेले शेंडे कोणाचा बापही परत लावू शकत नाही. हे मी वर्गात वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतोय.

माझा मोठा भाऊ चांदूर बाजारला मास्तर होता आणि तिथल्या भजनी मंडळात गायचा. त्याच्या घशात गाठ निघाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं कायमचं बंद. तेव्हा त्याच्या मुलीला पाचवा महिना होता. त्यानं मला फोन केला, "माहा आवाज भरून ठेव. बारशाले पाळणा मीच म्हणीन."

वहिनी मागून म्हणाली, "भाऊजी, मोबाइलवर भरला तं नाही चालत का?"

मी हसलो. मोबाइलवर म्हणे. मी आठ दिवस बसून पत्र्याच्या डब्यात स्वतःचं सर्किट बांधलं. समोर दोन भोकं, दिसायला सारखीच, एक माइकचं, एक लाइनचं. बायको म्हणाली, "चिठ्ठ्या तरी चिकटवा." मी म्हटलं, "चिठ्ठ्या अडाण्याले लागतात."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चांदूरला गेलो. भाऊ हटून बसला, मंडळाचाच माइक आणि मंडळाचाच ॲम्प्लिफायर पाहिजे. "त्याच्यातच मले मी ऐकू येतो." ठीक. मग ॲम्प्लिफायरच्या मागून लाइन काढली आणि डब्याच्या डाव्या भोकात घातली. सोल्डरिंग सगळं डब्याच्या पाठीमागून केलेलं, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर लाइन डावीकडेच होती. समोरून पाहिलं तर ती उजवीकडे येते. एवढी साधी गोष्ट. डाव्या हाताला होतं ते माइकचं भोक.

डब्यावरचा लाल दिवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेटलेला होता. जास्त झालं, कमी कर, हे सांगायलाच तो मी लावला होता. मी तो पाहिला आणि मनात म्हटलं, काय दमदार गळा आहे भावाचा. हेडफोन अकोल्याला टेबलावर राहिलेला, आणि खोलीतल्या स्पीकरमधून आवाज स्वच्छ येत होता. मग शंका कशाला घ्यायची? त्यानं पाळणा तीनदा म्हटला. मग माइक जवळ घेऊन हळूच बोलला, "मी तुहा आबा आहो. मले पाहून भेवू नको बरं."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी घरी येऊन मी ऐकलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. शब्द कळत होते, माणूस कळत नव्हता. त्यानंतर चार महिने कॉम्प्युटरवर त्या फायलीशी झटत राहिलो, कुठं काही जमतं का म्हणून. जमत नाही हे माझ्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक होतं? वहिनी फोनवर विचारायची, "आला न चांगला?" मी म्हणायचो, "एक नंबर." एवढा शहाणा मी, आणि भावाला खरं सांगायची छाती नव्हती.

नात झाली. बारशाला घर बायांनी भरलेलं. भाऊ आता पाटीवर लिहून बोलायचा. गळ्यावर पांढरा रुमाल, नवा सदरा. त्यानं स्वतः स्पीकर उचलून पाळण्याशी ठेवला. आधी ऐकायचं का, असं मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यानं लिहिलं, "नाही. पोरीसंगच ऐकीन."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी बटन दाबलं.

पहिली ओळ सुरू झाली आणि बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पोर दचकली आणि जी रडायला लागली ती थांबेना. भाऊ मान वाकडी करून ऐकत राहिला, ओळखीचं काही सापडतं का म्हणून. मग उठला आणि त्यानं बटन बंद केलं. वहिनीनं पोरीला उचलून घेतलं.

त्यानं पाटी माझ्यासमोर धरली, "तुले माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं पाटी पुसली. आज ती पोर दोन वर्षांची आहे. आबाची पाटी तिच्याजवळ असते, आबा तिला काय काय लिहून दाखवतो, चित्रं काढून देतो. मी दर सणाला चांदूरला जातो, त्याच्या शेजारी बसतो. माझ्यासाठी त्यानं त्या पाटीवर पुन्हा एक अक्षर लिहिलेलं नाही.