जेवायला या, एवढंच म्हटलं होतं

वडील गेल्यावर अमरावतीचं घर बंद केलं आणि आई माझ्याकडे नारायण पेठेत राहायला आली. तिच्यासोबत आमच्या महालक्ष्म्याही आल्या. पुण्यात त्यांना गौरी म्हणतात. मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. सकाळी कंपनीच्या बसने जायचो, अंधार पडल्यावर परतायचो. इमारतीतल्या लोकांशी ओळख जिन्यापुरतीच.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला गाव लोटतं. वेळ कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही. एकदा 'या' म्हटलं की माणूस सहकुटुंब येतो. आला नाही तर लोक मनावर घेतात. आणि प्रसाद घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, तिथेच पानावर बसून खायचा. आईने जिन्यात भेटेल त्याला आमंत्रण दिलं, मी ऑफिसात दिलं. सगळे 'हो हो, नक्की' म्हणाले. इथे आपलं कसं व्हायचं, ही धास्ती घेऊन आलेली आई त्या 'नक्की'ने पार हरखली. मोठं पातेलं भरून आंबील केली, पुरणाचा घाट तर विचारूच नका.

नैवेद्य झाला. दार सताड उघडं ठेवून आम्ही बसलो. तीन वाजून गेले तरी जिन्यात पाऊल वाजेना. ज्यांच्या घरी स्वतःच्या गौरी होत्या त्यांचं ठीक. बाकीच्यांचा मला संताप आला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवली. त्या झोपेतून उठून आल्या.

"अहो, आमची जेवणं केव्हाच झाली. बोलवायचं तर वेळ सांगावी, आदल्या दिवशी आठवण करावी. नुसतं 'या' तर आपण सगळ्यांनाच म्हणतो." मग जरा नरमून म्हणाल्या, "डबा द्या हवं तर. रात्री खाऊ."

तोच तर देता येत नव्हता. त्यांच्या दृष्टीने त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हे आज कळतं. त्या दुपारी मात्र अख्खं पुणं मला परकं वाटलं.

वर येऊन आईला सांगितलं. ती रागावली नाही. दोघांची पानं घेतली, आणि माझ्या पुरणपोळीवर तूप वाढता वाढता तिने विचारलं, "तुले इथं कोणी जेवाले बोलावते काय रे?"

"बोलावतात ना."

"कोण?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. एकही नाव सांगता आलं नाही.