बोडकेबाईंचा कनेक्टर

बोडकेबाईंना नवीन काही बांधायचं असलं, की त्या ते आधी चालून बघायच्या. म्हणजे खरोखरच चालून. सगळ्यांना खुर्च्यांवरून उठवायच्या, ऑफिसच्या लांबट पॅसेजमध्ये रांगेत उभं करायच्या आणि देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलेली पिशवी उघडून एकेकाच्या हातात भाजी ठेवायच्या. "कॅप्टन, तुम्ही टोमॅटो. लेफ्टनंट, तू फ्लॉवर. सुभेदारसाहेब, तुम्ही भोपळा. हसू नका रे, भोपळ्याचा पण मेसेज जातो!"

सुभेदारसाहेब म्हणजे मी. बाईंनी सगळ्या ऑफिसला हुद्दे वाटले होते. मालकांना तोंडावर 'कर्नलसाहेब' म्हणायच्या आणि मालक हसायचे. त्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काम केलं, पण माझ्या कुठल्या वाक्यावर तो हसल्याचं मला आठवत नाही.

आमची कंपनी लहान. नाशिकच्या आसपास भाजीपाला गोळा करणारी जी केंद्रं आहेत, त्यांचं संगणकाचं काम आमच्याकडे होतं. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला, की 'तुमचा इतका माल मिळाला, आजचा भाव असा' हा मेसेज त्याच्या मोबाइलवर जायला हवा. काट्यावरची प्रत्येक नोंद आधी एका वाहत्या रांगेत पडते. रांगेच्या दुसऱ्या टोकाला फंक्शन नावाचा एक छोटा प्रोग्राम झोपलेला असतो. नोंदी आल्या की तो जागा होतो, मेसेज पाठवतो आणि परत झोपतो. रांग आणि फंक्शन यांना जोडणारा तो कनेक्टर.

हे मी असं सांगतो. बाई सांगायच्या ते ऐका. "फंक्शन म्हणजे बराकीतला जवान. काम आलं की उठ, संपलं की झोप, मधे फुकट जेवायचं नाही. आणि कनेक्टर म्हणजे त्याचा हवालदार. एका खेपेला किती नोंदी उचलायच्या, जवानाला कधी उठवायचं आणि तो तोंडावर पडला तर काय करायचं, हे हवालदारानं ठरवायचं. हवालदार ढिला, तर पलटण गेली!"

त्यांचे वडील देवळालीला तोफखान्यात होते, नवराही तिथेच. त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या, दरडावायच्या, परत मराठीत यायच्या. अंगानं स्थूल, आवाज खणखणीत, आणि एखादी गोष्ट येत नसली तर ती येत नाही हेसुद्धा तेवढ्याच खणखणीत आवाजात सांगायच्या. "मला हे कळलेलं नाही. कुणाला कळलंय? हात वर!" पहिल्यांदा त्या असं म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, आता ही बाई संपली. आमच्या धंद्यात असं कुणी बोलत नाही. पण दोघांचे हात वर गेले, तिघं खुर्च्या ओढून त्यांच्या टेबलाशी जमले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रश्न सुटला.

त्या यायच्या आधी लोक माझ्याकडे यायचे. यायचे म्हणजे, त्यांना यावंच लागायचं. मी उत्तर द्यायचो, पण पूर्ण कधी देत नसे. शेवटचा एक पदर हातात ठेवायचो, म्हणजे माणूस परत येतो. याला मी अनुभव म्हणत होतो. बाई आल्यावर माझ्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी राहायला लागली, आणि एके दिवशी कुणीतरी तीच उचलून त्यांच्याकडे नेली. "घेऊ ना सर?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "घे की." त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोशी विनाकारण भांडलो.

बाई कंत्राटावर होत्या. नवऱ्याची बदली जवळ आली होती आणि ती कुठेही होऊ शकत होती. डब्यातली चटणी सगळ्यांना वाढता वाढता एकदा म्हणाल्या, "कळायला लागल्यापासून ट्रंकाच भरतेय. काळ्या ट्रंका, वर पांढऱ्या रंगात नाव. आधी बापाच्या नावाच्या, मग नवऱ्याच्या. या वेळी नाही. हे काम उभं राहिलं की कर्नलसाहेब मला कायम करतील. मग नवरा जाऊ दे सरहद्दीवर, मी इथंच. मुलगी इथंच शिकेल." मालकांनी तसा शब्द दिला होता. काम नीट चाललं तर टीम त्यांच्या हाताखाली द्यायची, असंही ठरत आलं होतं. ती टीम मला हवी होती, पण मी मागितली नव्हती. न मागता मिळावी अशी माझी अपेक्षा होती.

तर त्या दिवशी पॅसेजमध्ये आम्ही भाज्या घेऊन उभे होतो. बाईंनी टाळी वाजवली, की आम्ही पाच-पाच जण पुढे जायचं. टोकाला फंक्शन झालेला एक जण डोळे मिटून स्टुलावर बसलेला. तो जागा होऊन एकेकाचं वजन विचारायचा आणि 'मेसेज गेला' म्हणून ओरडायचा. मग बाईंनी मुद्दाम त्याला धक्का दिला. "जवान पडला! आता काय?"

"पडलेली नोंद बाजूला काढा, बाकीच्या पुढे जाऊ द्या," कुणीतरी म्हणालं. तशी सोय कनेक्टरमध्ये असते.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "कुणालाही मागे टाकायचं नाही. शेतकऱ्याचा माल आहे तो. जवानाला परत उठवा, सगळी खेप परत द्या. मेसेज जाईपर्यंत." आणि त्यांनी तशीच सेटिंग लावली. मग रांगेवरून नजर फिरवत विचारलं, "आता एकच सांगा. बिनवजनाचं काही येतं का काट्यावर?"

"काट्यावर आलं म्हणजे वजन असणारच की," भोपळ्याच्या, म्हणजे माझ्या, मागचा मुलगा म्हणाला.

मी पिशवीकडे बघत होतो. टोमॅटो, फ्लॉवर, वांगी, काकडी. पालेभाजी एकही नव्हती. पालेभाजी हातात चुरगळते म्हणून बाईंनी ती आणलीच नव्हती. आणि कोथिंबीर वजनावर जात नाही, जुडीवर जाते. शेकड्यानं भाव होतो. मखमलाबादकडे आमचा मळा आहे. मी जुड्या बांधून लहानाचा मोठा झालो. ऑफिसात मी हे कधी बोललो नव्हतो. इस्त्रीच्या शर्टात बसून मळ्याचं कशाला सांगायचं! कोथिंबिरीची एक नोंद आली, की फंक्शन वजन शोधणार, सापडणार नाही, पडणार, परत उठणार, परत पडणार, आणि मागची सगळी रांग अडणार. हे सगळं मला भोपळा धरून उभ्या उभ्या एका क्षणात दिसलं. बाईंची नजर माझ्यापाशी आली तेव्हा मी मान हलवली. 'बरोबर आहे' अशी. तोंडानं खोटं बोललो नाही, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत असे.

सुरुवात टोमॅटोच्या केंद्रावर झाली आणि छान चाललं. मालकांनी पेढे वाटले. बाईंनी पहिला पेढा मला दिला. "सुभेदार, तुम्ही मान हलवलीत तेव्हा माझा जीव भांड्यात पडला." पेढा मी खाल्ला.

मग बाकीची केंद्रं जोडली. त्याच सकाळी कुठल्याशा केंद्रावर काटेवाल्यानं वजनाची जागा कोरी ठेवून शेऱ्यात 'कोथिंबीर, शंभर जुड्या' असं लिहिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढचं सगळं मला दिसलं होतं तसंच झालं. खेपेत कोथिंबिरीच्या आधी असलेल्यांना तोच मेसेज पुन्हा पुन्हा जायला लागला. मागच्यांना काहीच जाईना.

बाईंचा फोन थांबेना. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "ओ मॅडम, माझे टमाटे किती वेळा विकले तुम्ही? मला तर एकदाच तोडता आले!" त्यावर त्यासुद्धा हसल्या. मग हरसूलकडच्या एकाचा फोन आला. त्याला हसू येत नव्हतं. "लय वेळ झाला बाई, माल दिला, मेसेज नाय. माझा माल गेला कुठं? गाडीवाला मला इथंच सोडून चाललाय." बाईंचा चेहरा उतरला. पण त्याला म्हणाल्या, "दादा, माझी चूक आहे. तुमचा माल कुठे गेलेला नाही. केंद्रावरच्या माणसाकडे फोन द्या, मी सांगते." आणि तो माणूस शांत झाला. त्या बुडत होत्या, मी कोरडा काठावर उभा होतो, आणि तरीही मला त्यांचा हेवा वाटला. माझ्यानं परक्या माणसाला 'माझी चूक आहे' म्हणवलं नसतं.

कनेक्टर बंद करून ती नोंद बाहेर काढली, तोवर केंद्रांवर गर्दी झाली होती आणि एका केंद्रानं आमचं काम थांबवलं होतं. बाईंनी विचारलं, "जुडी म्हणजे नेमकी केवढी? कुणी दाखवेल का मला?" मी म्हणालो, "आमच्याकडे या." का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. कदाचित त्या पडल्या होत्या म्हणून मला मोठेपणा सुचला असेल.

रविवारी त्या मुलीला घेऊन मळ्यात आल्या. आई बांधावर कोथिंबीर घेऊन बसली होती. बाईंनी बसकण मारली आणि आईला हजार प्रश्न विचारले. आई खूश. शेवटी म्हणाली, "अगं, एवढ्या लांब कशाला आलीस ऊन खात? ह्यालाच विचारायचं ना. कॉलेजात जाईस्तोवर रोज पहाटे शेकड्यानं जुड्या बांधून जायचा हा. ह्याच्याएवढी ताठ जुडी घरात कुणाची नसायची."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरची कोथिंबीर उचलून माझ्यापुढे धरली. "बांधा बघू."

मी बांधली. हात विसरले नव्हते.

"छान बांधता," त्या म्हणाल्या. एवढंच. मग आईशी बोलत राहिल्या, चहा घेतला, ती जुडी पिशवीत टाकली आणि मुलीला घेऊन रिक्षात बसल्या.

सोमवारी मीटिंग होती. मालक चिडलेले. आता त्या सांगतील, याची मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर उत्तरही तयार ठेवलं होतं, 'मला कुणी विचारलं नव्हतं' असं. बाई म्हणाल्या, "कनेक्टर मी लावला. पुन्हा पुन्हा पाठवायची सेटिंग माझी. बाजूला काढायची सोय ठेवा असं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मालकांनी विचारलं, आता हे कुणाकडे द्यायचं. बाईंनी माझं नाव घेतलं. "यांना मशीनचंही कळतं आणि मळ्याचंही."

टीम मला मिळाली. बाईंचं कंत्राट संपलं ते पुढे वाढलं नाही. नवऱ्याची बदली पार वर, पंजाबकडे झाली, आणि ट्रंका भरल्या गेल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बढती दिली. मला सुभेदारच ठेवलं. मी 'पुन्हा भेटू' वगैरे म्हणालो. ऑफिसातले सगळे त्यांना सोडायला देवळाली स्टेशनवर गेले. मी काम आहे म्हणून सांगितलं.

कनेक्टर मी दुरुस्त केला. अडलेली नोंद तीन प्रयत्नांनंतर बाजूला जाते, पालेभाजीला जुडीचा रकाना आहे. सुरळीत चालतं. तरी नवीन मुलं अजून म्हणतात, "बोडके मॅडमनी बांधलंय ना हे?" आणि मला टोचतं. वाईट वाटतं म्हणून नव्हे. टोचतं ते जुनंच टोचतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. तिकडून घरी बसून कुणासाठी तरी असंच काम करतात. "सुभेदार, मला कळत नाहीये, म्हणून फोन केला," अशीच सुरुवात. आईची चौकशी केली. मुलीची शाळा दोनदा बदलली, आता ती रुळतेय, म्हणाल्या. मग प्रश्न सांगायला लागल्या, आणि मी मधेच बोललो. "बाई, मला माहीत होतं. कोथिंबिरीचं. पॅसेजमध्येच माहीत होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "आईंनी सांगितलं की."

"मग माझं नाव का घेतलंत?"

"दुसरं कोण होतं? रोज सकाळी ती माणसं माल घेऊन उभी राहतात." मग म्हणाल्या, "पण माफ-बिफ केलं असं समजू नका हां. मी नाशिक सोडताना फार रडले. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही."

 माझ्या उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही.

"बरं, ऐका. इथं नोंदी अगदी थोड्या येतात. खेप भरायची वाट किती वेळ बघायला लावू हवालदाराला?"

मी सांगायला लागलो. किती वाट बघायची, कधी बघायची नाही, मी कुठे फसलो होतो, ते सगळं. त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. त्या पलीकडे लिहून घेत होत्या, आणि मधूनमधून म्हणत होत्या, "हळू, हळू. पुढे?"