जिंजाचा प्लॉट नंबर

युगांडाहून भरपाईच्या दाव्याचा फॉर्म परत आला तेव्हा दत्ताराम मांडवकर माझ्या रत्नागिरीच्या वकिलीच्या ऑफिसात समोरच बसले होते. परदेशी शिक्का बघून त्यांचा चेहरा खुलला. मी सोबतचं पत्र वाचलं, तर मजकूर उलटाच. मालमत्तेचा प्लॉट नंबर दिलेला नाही, महिन्याभरात द्या, नाहीतर क्लेम बाद.

चूक माझी. फॉर्म मीच भरला होता. पत्त्यात लिहिलं होतं: जिंजा, बस स्टँडसमोर, पटेलांच्या दुकानाला लागून, फणसाखाली. आमच्याकडे एवढ्यावर पत्र बिनचूक पोचतं, त्यामुळे त्यात काही कमी आहे असं मला वाटलंच नाही!

मांडवकर संगमेश्वर तालुक्यातले. जिंजात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं, जागेसकट स्वतःचं. बहात्तर साली तिथल्या सरकारने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकललं. दुकान गेलं, कागद विमानतळावर काढून घेतले. तेव्हापासून ते भावाच्या पडवीत राहत होते. दुकान होतं यावर वाडीत कुणाचाच विश्वास नव्हता. तिकडे दुसऱ्याकडे काजं-बटणं करत असतील, असं भावजय तोंडावर म्हणायची. पैसे गेल्यापेक्षा त्यांच्या मनाला ते जास्त लागायचं.

ऐंशीनंतर तिथं नवं सरकार आलं. घेतलेली मालमत्ता परत द्यायची किंवा भरपाई द्यायची, असा कायदा झाला. अशा जप्तीला आम्ही वकील 'एक्सप्रोप्रिएशन' म्हणतो. आंतरराष्ट्रीय नियम साधा आहे. लोकांच्या कामासाठी सरकारला परदेशी माणसाची मालमत्ता घेता येते, पण भरपाई द्यावी लागते. म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता. अडलं होतं ते नंबरापाशी.

"जरा आठवून बघा हो," मी वैतागून म्हटलं.

"वकीलसाहेब, स्वतःच्या दुकानाचा नंबर कोण पाठ करतो?"

परत आल्यापासून मांडवकरांनी देवाशी अबोला धरला होता, शिमग्यालाही ते देवळाकडे फिरकत नव्हते. सगळे उपाय संपल्यावर तो सोडला आणि शिमग्याला मलाही गावी नेलं. गाऱ्हाणं घालायचं होतं, म्हणजे गावाच्या वतीने गुरव देवाला मोठ्याने साकडं घालतो ते. मला हा वेळेचा सत्यानाश वाटत होता, पण फॉर्मची लाज होती म्हणून गेलो.

गुरव एकेक चाकरमानी घेत सुटला. मुंबईतल्या चाळी, खोली नंबर, सगळं तोंडपाठ. आणि त्याच दमात, "आफ्रिकेत जिंजा गावात, प्लॉट नंबर एकशेतीन, मांडवकरांचा दुकान हाय, त्येला बरकत दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. भावजयसुद्धा.

मांडवकरांना तेव्हा कुठे आठवलं. दुकान घेतल्यावर त्यांनीच गुरवाला पत्ता कळवला होता, कारण देवाला पत्ता पुरता लागतो. मी गुरवाला विचारलं, दुकान जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून म्हणता?

"बंद कर असा कोन बोललाच नाय," तो म्हणाला.

म्हणजे ज्या वाडीला दुकान खोटं वाटत होतं, तीच दरवर्षी त्याला होकार देत आली होती.

नंबर मिळाल्यावर तिकडच्या दप्तरात नाव सापडलं. भरपाई मागितली त्याहून कमी आली, पण चिऱ्याचं छोटं घर उभं राहिलं. त्याआधी आलेलं मंजुरीचं पत्र मांडवकरांनी मला पडवीत मोठ्याने वाचायला लावलं. 'मालक: दत्ताराम मांडवकर' हे दोनदा. मला फार बरं वाटलं.

भावजय चहा घेऊन आली, जरा थांबली.

"भावोजी, मशिनी किती होत्या दुकानात?"

"सात," मांडवकर म्हणाले.

तेव्हापासून कागद हरवलेला अशील आला की मी आधी त्याच्या गावच्या गुरवाचं नाव लिहून घेतो.