स्टॉपपासून चालत

वडील मार्केट यार्डात हमाल. गुडघे गेले तरी वस्तीतून बसस्टॉपपर्यंत अर्धा तास चालत जायचे. मी घरातली पहिली पदवीधर. नोकरी लागताच त्यांना घेऊन कोथरूडमध्ये घर शोधू लागले.

तिथला एजंट तुसडा. स्कूटर असूनही गिऱ्हाइकाला स्टॉपवरून चालतच न्यायचा, हात मागे बांधून, एकदाही वळून न पाहता.

एका दारात म्हणाला, “हे राहू द्या. मागची पावलं दोनदा थांबली. वडील टेकले.”

“अहो, पण मला पसंत आहे!”

“रोज चालणार कोण? तुमची पसंती?”

मला राग आला होता.

जवळचं घर मिळेपर्यंत वडील गेले. ते घर पाहायला आई सोबत होती; या वेळी एजंट तिच्या बरोबरीने चालला. आई कुठेच टेकली नाही.

आमचं घर आता स्टॉपपासून तीन मिनिटांवर आहे.