दानियल मास्तरांची साक्ष

सोलापूरहून निघालेली एसटी लोणी काळभोरच्या अलीकडे थांबली ती बराच वेळ हललीच नाही. उसाचे ट्रॅक्टर, कंपन्यांच्या बसगाड्या, भाजीचे टेम्पो एकामागे एक उभे होते. कंडक्टर खाली उतरून पुढे जाऊन आला.

"सायकलवाला हाय. गेला," तो म्हणाला. "कुणाचा ते कळंना."

मागच्या बाकावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण होता. तो मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, "अरे यार, रोडवर डेड बॉडी आहे. मी लेट होणार." गाडी सरकू लागली तेव्हा खिडकीतून दिसले ते असे: रस्त्याच्या कडेला उसाच्या पाचटाने झाकलेला देह, बाहेर राहिलेले दोन पाय आणि एकाच पायात चप्पल. सायकलच्या हँडलला जेवणाचा डबा तसाच लटकत होता. शेजारच्या बाईंनी हात जोडले आणि धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली.

माझे पुण्याला जाण्याचे कारणही मृतांशीच संबंधित होते. दानियल मास्तर सोलापूरच्या एका शाळेत गणित शिकवत. शाळा सुटल्यावर ते शहरातली बेवारस प्रेते पुरत. रेल्वे रुळांवर, स्टँडच्या बाकांवर, धर्मशाळेच्या ओट्यावर मरणाऱ्यांना कुणी नसते. पोलीस मास्तरांना निरोप देत, मास्तर हातगाडी घेऊन जात. मृताची जात किंवा धर्म कळण्याचा प्रश्नच नसे. माती देताना ते प्रत्येक वेळी तेच म्हणत: "आम्ही ह्याला ओळखत नाही. तू ओळखतोस. सांभाळ." मी तेव्हा गुन्हेगारीच्या बातम्या देत असे. अशा प्रेतांची बातमी दोन ओळींची असते, त्यामुळे आमची ओळख दोन दोन ओळींनी वाढत गेली.

पत्नी गेल्यावर मास्तर पुण्याला मुलाकडे राहायला गेले. मुलगा अमोल हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. "रविवारी माझी साक्ष आहे, बातमीदार. तू ये." साक्ष (मंडळीसमोर उभे राहून आपण पापातून कसे वाचलो ते सांगणे) हा अमोलच्या नव्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, रिवाज. मास्तरांचा जन्मच ख्रिस्ती घरातला. त्यांना ह्या वयात साक्ष कशासाठी द्यावी लागते, ते फोनवर कळले नाही.

झोप लागल्यामुळे मी हडपसरला उतरायचे विसरलो आणि थेट स्वारगेटला पोचलो. मला सोलापूरच्या गाडीतून उतरताना पाहिलेल्या रिक्षावाल्याने पत्ता ऐकून माझ्याकडे नीट पाहिले.

"हडपसर? अहो, गाडी तिथूनच आली ना? स्वारगेट बघायला आलात का खास?"

"झोप लागली."

"मग झोपेचं भाडं पडेल," म्हणून त्याने मीटर टाकला.

हडपसरच्या पुढे पूर्वी मळे होते. आता तिथे बारा मजली इमारती आहेत. त्यांच्या फाटकावर रखवालदार नाव लिहून घेतो आणि वर फोन करून विचारतो. अमोलचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. दार मास्तरांनीच उघडले. त्यांच्या हाताला आणि मानेला कंप सुटला होता. मान सतत, अगदी बारीक, खाली-वर हलत होती. बोलणाऱ्याला वाटावे, आपले म्हणणे ह्यांना पटते आहे.

"उशीर केलास."

"लोणीला अपघात होता. सायकलवाला गेला."

"कुणी ओळखलं का?"

"तोपर्यंत तरी नाही."

मास्तर दारातच उभे राहिले. "डबा होता का सायकलला?"

"होता."

"मग घरी कुणीतरी असेल," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी सोलापूरहून शेंगांची चटणी आणि कडक भाकरी (वाळवलेली, महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी) नेली होती. मास्तर बाल्कनीत बसून ती दह्यात बुडवून खाऊ लागले. हाताच्या कंपाने निम्मे दही शर्टावर पडत होते. खाली पोहण्याच्या तलावात पाणी होते, माणसे नव्हती.

"सुलू असती तर ओरडली असती," ते शर्ट पुसत म्हणाले. सुलूबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. "मी पुरून आलो की ती दारातच कढत पाणी ठेवायची. विचारायची, बाई होती का बाप्या? सांगितलं की मग जेवायला वाढायची. दुसरं काही कधी विचारलं नाही." मग म्हणाले, "ह्या मंडळीतले लोक म्हणतात, तिचा नवा जन्म झाला नव्हता. बाप्तिस्मा लहानपणीचा, तो धरायचा नाही. प्रभूला स्वीकारलं असं तोंडाने कधी म्हणाली नाही, म्हणून ती हरवली."

"हे अमोल म्हणतो?"

"अमोल म्हणत नाही. गप्प बसतो. मरणाची भीती मला नाही रे. इतकी मरणं हाताळली. पण हे सांगतात तसं असेल, तर सुलू स्वर्गात नाही. मग मी कुठे जायचं?"

संध्याकाळी अमोल खाली फिरायला म्हणून मला घेऊन गेला. हा मुलगा लहानपणी वडिलांच्या हातगाडीमागे चालत आलेला मी पाहिला आहे.

"काका, तुम्ही समजवा त्यांना. कंप वाढतोय. डॉक्टर म्हणतात, पुढे बोलताही येणार नाही. मग साक्ष कशी देणार?"

"साक्ष दिली नाही तर?"

"तुम्हाला हे खुळेपणाचं वाटत असेल. पण मला ते खरं वाटतं. नुसतं बरं वाटतं म्हणून नाही, खरं वाटतं. नरकाची आग खरी आहे असं वाटत असताना वडिलांना कसं सोडायचं? मला ते स्वर्गात हवेत, काका. एवढंच."

तो रडत नव्हता. हिशेब सांगावा तसा सांगत होता, आणि त्याच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती. चूक होती ती पहिल्या ओळीत.

रविवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही नारायण पेठेत गेलो. मंडळीला स्वतःची इमारत नाही. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा समारंभाचा हॉल दर रविवारी भाड्याने घेतात. जिन्यात तीन पाट्या होत्या: "चपला खाली. आवाज खाली. लिफ्ट नाही, विचारू नये." हॉलचे मालक स्वतः दारात खुर्ची टाकून बसले होते.

"मी धर्म विचारत नाही, वेळ विचारतो," ते अमोलला म्हणाले. "तुमचा मोक्ष साडेअकराला आटोपा. बाराला साखरपुडा आहे."

आत पन्नास-साठ माणसे होती. बहुतेक तिशीच्या आतबाहेरची, नोकरीसाठी पुण्याला आलेली. काही अमरावती-नागपूरकडची, काही दक्षिणेतली. ह्या शहरात त्यांचे कुणी नव्हते. इथे प्रत्येकजण प्रत्येकाला मिठी मारून नावाने हाक मारत होता. ही मंडळी त्यांना का लागते, हे समजायला वेळ लागला नाही.

पास्टर चाळिशीचे, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला मृदू. पूर्वी ते एका कंपनीत माणसे नेमण्याचे काम करत. त्यांनी मराठी-इंग्रजी मिसळून प्रवचन केले. "चांगल्या कामांचा बायोडाटा घेऊन देवाकडे जाऊ नका," ते म्हणाले. "तिथे इंटरव्ह्यू नाही. तिथे फक्त रेफरन्स चालतो. आणि रेफरन्स एकच आहे." लोक हसले, टाळ्या वाजल्या.

मग साक्षी सुरू झाल्या. त्यांचा एक साचा आहे. आधी आपण किती वाईट होतो ते सांगायचे, मग प्रभूला स्वीकारल्याचा दिवस, मग आपण वाचलो हे शेवटचे वाक्य. ते म्हटले की कीबोर्ड वाजवणारा मुलगा सूर धरतो आणि सगळे उभे राहून गातात. पहिल्या दोन साक्षी अशाच झाल्या. तिसऱ्या वेळी मास्तर उठले. अमोलने त्यांचा दंड धरला होता.

"मास्तर, आपण प्रभूला स्वीकारलं तो दिवस कोणता?" पास्टरांनी विचारले.

"दिवस आठवत नाही. माझी आई मला कडेवर घेऊन देवळात जायची." (सोलापूरकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात.) "तेव्हापासून मी तिथेच आहे. बाहेर गेलो असतो तर परत आल्याचा दिवस सांगता आला असता."

मागे कुणीतरी हसले. अमोल हसला नाही.

"आपण आपल्या कामांवर भरवसा ठेवता का?"

"नाही. कधीच ठेवला नव्हता. वाचण्यासाठी कुणी प्रेत पुरतं का? वास सुटतो, कुत्री येतात. कुणाचं तरी पोर असतं. म्हणून पुरायचं."

"आमेन," पास्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. "मग एवढंच सांगा. त्या लोकांसाठी आपण जी प्रार्थना करत होता ती व्यर्थ होती. जो न स्वीकारता मेला तो हरवला. त्याला आता कुणी सांभाळत नाही. हे मंडळीसमोर म्हणा, मास्तर, आणि मोकळे व्हा."

कीबोर्डवाल्याने बोटे पट्ट्यांवर ठेवली. मास्तरांची मान हलत होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला तो होकार वाटला, ती टाळ्या वाजवून थांबली.

"ते मला म्हणता येत नाही," मास्तर म्हणाले. "त्यांच्याबद्दल मला काही ठाऊकच नाही. साधं नावसुद्धा ठाऊक नाही. ते हरवले असं मी कसं सांगू?"

आणि ते खाली बसले. कीबोर्डवाल्या मुलाने बोटे उचलून मांडीवर ठेवली. तेवढ्यात दार उघडून मालकांनी डोके आत घातले.

"आटोपलं असेल तर बघा. मुलीकडची मंडळी जिन्यात उभी आहेत."

पास्टर निघताना मास्तरांच्या पाया पडले. अमोलला ते बाजूला घेऊन म्हणाले, "घाई करू नका, ब्रदर. पण उशीरही करू नका."

दुपारी अमोलच्या पत्नीने, शीतलने, बिर्याणी केली होती. साक्ष पूर्ण होईल ह्या हिशेबाने केलेली, पाहुण्यांना पुरेल एवढी. पाहुणे आले नाहीत. ती पुन्हा पुन्हा वाढत होती आणि कुणी नको म्हणत नव्हते, पण ताटे तशीच राहिली.

मला परतीची गाडी धरायची होती. मास्तर म्हणाले, "स्वारगेटला नको. लोणीला सोडू, तिथून मिळेल." अमोलने गाडी काढली. तो समोर पाहत म्हणाला, "पप्पा, एक वाक्य होतं."

"आणि तुझी आई?"

अमोलने गिअर बदलला.

लोणी काळभोरच्या पोलीस चौकीत एक हवालदार वर्तमानपत्राने वारा घेत होता. मास्तरांनी कालच्या अपघाताचे विचारले.

"तुमचा कोण लागतो?"

"कुणी नाही."

हवालदाराने पेपर खाली ठेवला. "अजून कुनी आलं न्हाई. बॉडी सरकारी दवाखान्यात हाय. डब्यावर नाव न्हाई, खिशात काय न्हाई. बिगारी असंल, तिकडं इमारतींवर. वाट बघायची, न्हाईतर हायच आपलं नेहमीचं."

जागा सापडायला कष्ट पडले नाहीत. पाचट तिथेच होते. मास्तर वाकले, मूठभर माती घेतली. कंपाने बरीचशी वाटेतच सांडली, उरली ती त्यांनी पाचटावर टाकली. "आम्ही ह्याला ओळखत नाही," ते म्हणाले. ट्रक जात होते, पुढचे ऐकू आले नाही. अमोल गाडीपाशी उभा होता, इंजीन चालू ठेवून. तो जवळ आला नाही. पण हॉर्नही वाजवला नाही.

सोलापूरच्या गाडीत खिडकी मिळाली. यवतपर्यंत दोन्ही बाजूंनी इमारती आणि ऊस आळीपाळीने दिसत होते. कामांनी माणूस वाचत नाही, हे त्या हॉलमधले मत मास्तरांना मान्यच होते. वाद त्यावर नव्हताच. वाद होता तो एका वाक्यावर, आणि ते वाक्य ज्यांना कुणी कधी विचारलेच नाही त्यांचे काय करायचे ह्यावर. ज्या शिकवणीत हातगाडी ओढणारा माणूस संशयित ठरतो आणि खिडकी लावून घेणाऱ्यांना नुसत्या एका वाक्यावर हमी मिळते, तिथे बातमीदाराला मथळा सुचत नाही. आणि ती शिकवण पसरवणारे लोक दुष्ट नव्हते. तसे असते तर सोपे झाले असते.

पावसाळा संपता संपता अमोलचा फोन आला. मास्तर गेले होते. शेवटचे काही आठवडे त्यांची वाचा पूर्ण गेली होती. दफन पुण्यातच, मंडळीने केले.

"काका, शेवटच्या दिवशी पास्टर आले होते. त्यांनी विचारलं, स्वीकारता का? पप्पांनी मान हलवली."

मला ती सतत, अगदी बारीक हलणारी मान आठवली.

"कंप नव्हता तो. रोज पाहत होतो मी. कंप वेगळा असतो. मला फरक कळतो." मग तो दफनाचे सांगू लागला. "माती देताना त्यांचंच वाक्य तोंडात आलं होतं, तू ओळखतोस, सांभाळ. पास्टर शेजारी होते. म्हणालो नाही मी ते." आणि पुन्हा, "कळतो ना, काका, फरक?"

न पाहिलेल्या गोष्टीला दुजोरा देऊ नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे.

"कळतो," मी म्हणालो. "तुला कळणारच."